झेल्डाची धून: कधी वाजते, कधी वाजत नाही

प्रश्न : ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतले जुने खेळ मी कॉलेजात असताना खेळलो होतो आणि त्यांची मुख्य धून मला आजही तोंडपाठ आहे. आता माझी मुलगी याच मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ खेळते. मोकळ्या माळावर ती तासन्‌तास फिरते, तरी ती धून वाजत नाही. मधूनच पियानोचे चार सूर येतात आणि विरून जातात. निंटेंडोने ती धून सोडून दिली आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सोडलेली नाही, आणि याची खात्री तुम्हाला आजच करून घेता येईल. मुलीला खेळातल्या रात्रीच्या वेळी घोड्यावर बसवा आणि न थांबता दौड करत राहायला सांगा. सुरुवातीला पियानोचे सुटे सूर ऐकू येतील. दौड बराच वेळ चालू राहिली की त्यांतून तुमची ओळखीची धून अतिशय संथ लयीत उमलू लागेल. ती इतकी सावकाश येते की पहिल्या काही सुरांत ओळख पटणे अवघड जाते.

ती अशी लपवावी का लागली, हे समजण्यासाठी मुळाशी जावे लागेल. मालिकेतला पहिला खेळ फेब्रुवारी 1986 मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम या निंटेंडोच्या घरगुती गेमयंत्राला जोडायच्या डिस्क सिस्टिमसाठी आला. संगीतकार कोजी कोंडो 1984 मध्ये निंटेंडोत दाखल झाले होते आणि त्यांचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत आदल्याच वर्षी लोकांसमोर आले होते. खेळाच्या आरंभीच्या पडद्यासाठी फ्रेंच संगीतकार मोरीस राव्हेल यांची ‘बोलेरो’ ही रचना वापरायची त्यांनी ठरवले होते. मात्र त्या रचनेचा स्वामित्वहक्क अजून संपलेला नाही हे अगदी शेवटच्या टप्प्यावर लक्षात आले, तेव्हा भटकंतीच्या भागासाठी आधीच बांधलेली धून त्यांनी एका रात्रीत आरंभासाठी नव्याने मांडली. त्यामुळे दाराशीही तीच धून आणि आत गेल्यावर माळावरही तीच, असा योग जुळून आला. मालिकेची ओळख ठरलेली ही जागा तिला अडचणीतून मिळाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

फॅमिकॉमच्या ध्वनिचिपमध्ये सुरांसाठी जेमतेम तीन वाटा होत्या. त्यांच्या जोडीला एक खरखरीच्या आवाजाची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. डिस्क सिस्टिममुळे आणखी एका वाटेची भर पडली. तलवार फिरली किंवा राक्षस मेला की तो आवाज काढण्यासाठी संगीताचीच एखादी वाट क्षणभर उसनी घेतली जाई. अशा तुटपुंज्या साधनांत, तासन्‌तास पुन्हापुन्हा वाजूनही कान विटणार नाहीत अशी चाल बांधायची, तर ती मुखड्यातच ओळखू यायला हवी. कोंडोंना ते साधले.

पुढच्या खेळांनी ही धून उधळून टाकली नाही, हे त्यांचे मोठेपण. 1991 च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये ती माळावर डौलाने परतली. 1993 मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रावर आलेल्या ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये सुरुवातीला वेगळेच संगीत वाजते आणि किनाऱ्यावर हरवलेली तलवार नायक लिंकच्या हाती आल्यावरच मुख्य धून सुरू होते. संपूर्ण मालिकेत मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ती धून तिथे खेळणाऱ्याला कमवावी लागते. 1998 च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये तर माळासाठी कोंडोंनी सर्वस्वी नवे संगीत रचले. ते आठ-आठ मापांच्या तुकड्यांत बांधलेले आहे आणि खेळताना हे तुकडे क्रम बदलून वाजतात, म्हणजे लांबच्या प्रवासात तोचतोपणा येत नाही. 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची शांतता याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. वारा, गवत, पावलांचे आवाज ऐकू यावेत म्हणून संगीतकार मानाका काताओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीत मागे घेतले आणि जुन्या धुना ठरावीक जागांसाठी राखून ठेवल्या. तुमची मुलगी खेळातल्या हायरूल राज्याच्या किल्ल्यात पोहोचेल त्या दिवशी शेजारी जरूर बसा. तिथे मुख्य धूनही आहे आणि राजकन्या झेल्डाची अंगाईही.

प्रश्न : याच मालिकेतल्या ‘स्कायवर्ड सोर्ड’मधले देवीचे गीत म्हणजे झेल्डाची अंगाई उलटी वाजवलेली, असे मैत्रीण सांगते. हे खरे आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरे आहे. राजकन्या झेल्डाची ही धून प्रथम 1991 च्या खेळात आली. ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये ती अंगाई झाली आणि खेळणाऱ्याने ती ऑकरिना या फुंकून वाजवायच्या छोट्या वाद्यावर स्वतः वाजवायची होती. तिचे पहिले तीन सूर ग, प, रे असे आहेत. ती सा वर टेकत नाही, म्हणून ती सतत काहीतरी बाकी असल्यासारखी वाटते. 2011 च्या ‘स्कायवर्ड सोर्ड’ची कथा मालिकेच्या कालक्रमात सर्वांत आधी घडते. पुढच्या काळातली अंगाई मागे नेली की तिच्या उगमापाशी पोहोचता येते, हा विचार संगीतकारांनी सुरांचा क्रमच उलटवून मांडला. उलट वाजवल्यावरही ती चाल स्वतंत्रपणे सुंदर लागते, हे योगायोगाने होत नाही.

प्रश्न : मुख्य धून हार्मोनियमवर वाजवता येईल का? ती कोणत्या रागात आहे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जरूर येईल. मूळ धून काळी पाचला सा धरून आहे. सा, मंद्र पंचम, पुन्हा सा, आणि तिथून सा रे ग म प अशी झेप. त्यानंतर प, कोमल ध, कोमल नी, तार सा. गंधार शुद्ध आणि धैवत-निषाद कोमल असल्यामुळे एवढ्या भागाचे सूर चारुकेशी रागाचे आहेत, म्हणूनच तिच्या वीरश्रीत एक कातरता मिसळलेली आपल्या कानांना जाणवते. पण तिला चारुकेशी म्हणू नये. पुढच्याच ओळींत उतरताना कोमल गंधार लागतो आणि पंचमावर परतताना तीव्र मध्यम व शुद्ध धैवत येतात. बोटे नेमकी तिथेच अडखळतात, म्हणून तो तुकडा आधी वेगळा घोटून घ्यावा.