घराच्या गच्चीवर लावलेला तिरंगा रात्री उतरवावा लागतो का? आणि फाटला तर काय करायचं?

रात्री उतरवायची आता गरज नाही. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त असाच नियम होता, पण जुलै 2022 मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला आणि सामान्य नागरिकाला घरावर दिवसरात्र तिरंगा ठेवता येतो. पॉलिस्टरचा किंवा मशीनवर बनवलेला झेंडाही डिसेंबर 2021 पासून चालतो. लांबी-रुंदीचं प्रमाण मात्र 3:2 च हवं आणि केशरी पट्टा वर.

लोक चुकतात ते पुढे. पंधरा ऑगस्टला हौसेने लावलेला झेंडा दिवाळीपर्यंत तसाच राहतो. वाऱ्याने कडेची शिवण उसवते, हिरव्या पट्ट्याच्या चिंध्या लोंबतात. असा फाटका, मळका झेंडा फडकवत ठेवणं नियमात बसत नाही, आणि बघवतही नाही. तो लगेच उतरवा. कचऱ्यात टाकू नका, पुसायला तर अजिबात वापरू नका. संहिता सांगते की तो संपूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करावा. मुलांचे कागदी झेंडेही रस्त्यावर पडू देऊ नका.

सार्वजनिक ठिकाणी झेंडा मुद्दाम जाळणं, फाडणं, तुडवणं हा 1971 च्या कायद्याखाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.