सालगडी अबोल झालाय, काय करावं?

प्रश्न : साहेब, यवतमाळ जिल्ह्यात आमची नऊ एकर कोरडवाहू कपाशी आहे. सालगडी आठ वर्षांपासून आमच्याकडेच. यंदा पावसानं दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून त्याचं जेवण कमी झालंय, रात्री गोठ्यात जागाच दिसतो. परवा म्हणाला, "मालक, मी गेलो तर उचलीचे, आगाऊ घेतलेले पैसे बायकोला मागू नका." हा कामाचा कंटाळा आहे का आजार?

उत्तर : भाऊ, हा कंटाळा नाही. त्या वाक्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत, पण आता माझ्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच त्याला बाजूला घेऊन बसा आणि सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का रे?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो "हो" म्हणाला तर रात्री त्याला एकटं ठेवू नका, बायकोला विश्वासात घ्या आणि तिथूनच १४४१६ लावा. ही टेली-मानस सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, सोबत तुम्ही स्वतः जा.

तो रात्री गोठ्यात असतो म्हणता. बहुतेक घरी कीटकनाशकांचे डबेही गोठ्यातच असतात. ते आजच हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे.

एक गोष्ट आवर्जून तपासा. यंदा फवारणी त्यानंच केली का? डोकेदुखी, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, धूसर दिसणं, स्नायू फडफडणं असलं काही असेल तर मनाच्या त्रासासोबत विषबाधाही असू शकते. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली, त्यांत मजूरही होते. असं काही दिसलं तर वेळ न घालवता १०८ बोलवा, डबा किंवा त्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवा. बरं वाटलं तरी या हंगामात त्याला पंप देऊ नका.

आता उचलीबद्दल. मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याचं कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई यांवर आपण सारखं बोलतो. सालगड्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून यातलं जवळजवळ काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या आहेत, त्यांपैकी ६,०८३ शेतमजूर होते, म्हणजे शेतकऱ्यांपेक्षा जास्त. पेरणी फसली की मालकाचं पीक जातं, आणि गड्याला पुढच्या पाडव्यानंतर ठेवतील का, ही धास्ती लागते. ती तुमच्याच एका शब्दानं कमी होऊ शकते. वही काढा, उचल किती, फिटली किती, हे त्याच्या बायकोसमोर वाचून दाखवा. कित्येकदा गड्याच्या मनातला आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. यंदा उचल पगारातून कापणार नाही म्हणता येत असेल तर तसं स्पष्ट म्हणा. बाहेर सावकाराचं घेतलंय का, तेही विचारा. सावकार विनापरवाना असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, अर्ज लिहायला मी मदत करीन.

दारूचं प्रमाण वाढलं असेल तर रागावू नका, डॉक्टरांना मात्र सांगा. आणि "मन घट्ट कर", "सगळ्यांनाच त्रास आहे" ही वाक्यं टाळा. त्याला हलकं काम, ठरलेली झोप आणि आठवड्यातून एक दिवस घरी जायला द्या. तुमची स्वतःची झोपही बिघडली असेल, दुबार पेरणीचा खर्च तुमच्याही डोक्यावर आहे. तोच नंबर तुमच्यासाठीही आहे.

गुरुवारी बोंडअळीच्या पाहणीला तुमच्या शिवारात येतो आहे. त्याला त्या वेळी बांधावर थांबायला सांगा. बोंडअळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे कसे लावायचे ते मी त्याच्याकडूनच करून घेईन, आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसेन.