प्रिंटरसाठी मुदत ठेव मोडावी की चित्रांचे हक्क विकावेत?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतात आणि त्याच चित्रांच्या प्रिंट इन्स्टाग्रामवरून व स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतात. महिन्याला सरासरी ४५ प्रिंट प्रत्येकी ६५० रुपयांना जातात. छपाई पुण्यातील एका लॅबमध्ये होते आणि तिचा दर प्रिंटमागे २४० रुपये आहे. आता त्यांना ३,६०,००० रुपयांचा चोवीस इंची पिगमेंट प्रिंटर (रंगकणांच्या टिकाऊ शाईने छापणारा) घरी आणायचा आहे. त्यासाठी सहकारी बँकेतील ५,४०,००० रुपयांची ठेव मोडावी, की एका प्रकाशकाला चाळीस चित्रांचे सर्व हक्क कायमचे १,२०,००० रुपयांना देऊन फक्त उरलेली रक्कम ठेवीतून काढावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, यंदा हा प्रिंटर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हक्क तर प्रिंटरसाठीच काय, कोणत्याही खरेदीसाठी अशा रीतीने विकू नयेत.

आधी प्रिंटरचे गणित पाहू. आपल्या कोटेशनप्रमाणे घरच्या प्रिंटला कागद आणि शाई मिळून ११० रुपये पडतील, म्हणजे प्रिंटमागे १३० रुपये आणि वर्षाला ७०,२०० रुपये वाचतील. यातून देखभाल आणि वाया जाणारा कागद यांचे महिना १,५०० रुपये तरी धरावे लागतील. शिवाय आपल्याला ठेवीवर सात टक्के व्याज मिळते. ३,६०,००० रुपये काढले की वर्षाचे २५,२०० रुपये बुडतात. हाती उरतात २७,००० रुपये, आणि या वेगाने प्रिंटरची किंमत वसूल व्हायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर हे यंत्र चालेल असे कोणताही विक्रेता लिहून देणार नाही. तीन वर्षांत पैसे सुटायचे असतील, तर महिन्याला सुमारे १०५ प्रिंट विकल्या गेल्या पाहिजेत. आपली विक्री आज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि तीही गणपती ते दिवाळी या काळात एकवटलेली आहे.

आणखी एक खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. पिगमेंट प्रिंटर नुसता उभा राहिला की नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, तुंबतात, आणि ते साफ करताना महागडी शाईच खर्च होते. आपण महिनाभर एखाद्या पुस्तकात बुडालेल्या असाल, तेव्हाही त्याच्यावर चाचणी प्रिंट काढत राहावे लागेल. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत जाड कॉटन कागद कोरडा आणि सपाट राखणे हे वेगळेच काम आहे. घर सांभाळून चित्रांसाठी रोज जेमतेम चार तास मिळतात, असे आपण लिहिले आहे. मला त्या चार तासांची अधिक काळजी वाटते, कारण आपले सगळे उत्पन्न तिथूनच येते.

लॅबच्या प्रिंटमध्ये हिरवा रंग मळकट येतो, ही आपली तक्रार मात्र खरी आहे आणि ती सोडवता येते. लॅबकडून त्यांच्या कागदाचे कलर प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागवा, स्क्रीनचे रंग अचूक जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्या आणि प्रत्येक नव्या चित्राची एक लहान चाचणी प्रिंट पैसे देऊन काढून घ्या. एवढ्याने भागले नाही, तर लॅब बदला.

आता हक्कांविषयी. प्रकाशक एका चित्राला ३,००० रुपये देत आहे. लॅबचा दर वजा जाता आपल्याला एका प्रिंटमागे ४१० रुपये उरतात. पॅकिंगचा खर्च बाजूला ठेवला, तर तेच चित्र आठ वेळा विकले गेले की प्रकाशकाची रक्कम भरून निघते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. तो आठ प्रिंटच्या भावात देऊन टाकणे मला पटत नाही. प्रकाशकाला नकार देण्याचेही कारण नाही. फक्त मराठी आवृत्तीच्या छपाईपुरता, पाच वर्षांचा, लेखी परवाना द्यावा. प्रिंट, कॅलेंडर, खेळणी आणि इतर भाषांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. पैसे कमी मिळाले तरी चालतील. हक्क हस्तांतराचा करार लेखीच असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, म्हणूनच प्रकाशकाच्या मसुद्यातील ‘कायमचे’ हा शब्द त्याच्यासाठी फार मोलाचा आहे. तसेच, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. आपण मुलांची पोर्ट्रेट ऑर्डरप्रमाणे करता, तेव्हा हक्क आपल्याकडे राहतील हे वाक्य ऑर्डर स्वीकारतानाच लेखी घ्यावे.

ठेवीबाबत एकच सांगतो. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमा आहे. सगळी रक्कम एकाच बँकेत असल्याने मुदत संपताच किमान एक लाख दुसऱ्या बँकेत न्यावेत. आपला घरखर्च २८,००० रुपयांचा आणि उत्पन्न अनियमित आहे. त्यामुळे नऊ महिन्यांचे २,५२,००० रुपये राखीव समजून त्यांना हात लावू नये. प्रिंटर घेतला असता तर १,८०,००० रुपयेच उरले असते.

जीएसटीचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण बेळगाव आणि बंगळूरला पार्सले जातात असे लिहिले आहे, म्हणून तो टाळता येत नाही. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ही मर्यादा राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना सवलत आहे, पण यंत्रावर छापलेली प्रिंट तिच्यात बसते असे गृहीत धरू नका. सीएला भेटून हे आधी मार्गी लावा. नोंदणीनंतर प्रिंटर घेतला, तर किमतीतील १८ टक्के कराचे सुमारे ५५,००० रुपये आपण भरायच्या जीएसटीतून क्रेडिट म्हणून वळते करून घेता येतील. आज घेतला तर ते गेले.

पुढची दिवाळी झाली की बारा महिन्यांची विक्री मांडा. सरासरी शंभराच्या पुढे गेली असेल, तर निम्मी रक्कम विक्रीतून साठवून उरलेल्यासाठी मुद्रा योजनेतील किशोर गटाचे, ५०,००० ते पाच लाखांपर्यंतचे, विनातारण कर्ज बँकेकडे मागा. प्रकाशकाला मात्र परवान्याचा प्रस्ताव याच आठवड्यात लेखी पाठवा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मूळ फाइली त्याच्या हाती देऊ नका.