पाटल्या सावकाराकडे, किल्ली यांच्याकडे

*प्रिय मावशी, मी ३९ वर्षांची, नाशिकला सातपूरमध्ये राहते. यांचा पगार हातात ३४,००० येतो, मी फॉल-पिकोचे सहा-साडेसहा हजार मिळवते. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या लग्नात आहेर, साड्या, येणं-जाणं करता करता माझ्या क्रेडिट कार्डावर बोजा झाला. मग जूनमध्ये मुलांची फी आली, तेव्हा आईने दिलेल्या तीन तोळ्यांच्या पाटल्या एका सावकाराकडे ठेवून शेकडा तीनने ५०,००० घेतले. आज कार्डाचे ८६,००० आहेत. कार्डाचे किमान ४,३०० आणि सावकाराचे १,५०० दर महिन्याला न चुकता भरते, तरी आकडा हलत नाही. यांना काही माहीत नाही. पाच मिनिटांत कर्ज देणारं एक अ‍ॅप आहे, त्यातून सगळं एकदम फेडू का? घरात सोनं म्हणाल तर दीड तोळ्याची बोरमाळ आहे, पण कपाटाची किल्ली यांच्याकडे असते.*

अगं, अ‍ॅपचं आधी सांगते. नको. जे अ‍ॅप तुझ्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागतं, ते रिझर्व्ह बँकेचा नियम पहिल्याच पायरीवर मोडतं. हप्ता चुकला की तेच नंबर फिरवून तुझ्या माहेरी फोन जातात. काढून टाक ते.

आता आकडा का हलत नाही ते बघू. तू पाठवलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. ८६,००० वर व्याज झालं ३,०१०, कर ५४२. तू भरलेल्या ४,३०० मधले ३,५५२ तिथेच जिरले, मुद्दलातून फिटले ७४८. त्या महिन्यात त्याच कार्डावर हजाराचा किराणा घेतलास की कर्ज उलट वाढलं. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. ‘न चुकता भरते’ असं तू अभिमानाने लिहिलंस, आणि बँकेला नेमकी अशीच गिऱ्हाइकं आवडतात.

सुटकेची वाट तुझ्याच पत्रात शेवटच्या ओळीत आहे. सोनं आज तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. बोरमाळ बँकेत ठेव. मण्यांत लाख भरलेली असते, तिचं वजन बँक वजा करेल, म्हणून दीड तोळ्याचा हिशेब धरू नकोस. पण निव्वळ सोनं तोळाभर निघालं तरी ५०,००० मिळायला अडचण नाही. ते घेऊन सावकाराकडे जा आणि पाटल्या सोडव. मग पाटल्या बँकेत ठेवून ८६,००० घे आणि कार्ड एका दिवसात शून्यावर आण. सगळं मिळून १,३६,००० चं सोनेतारण होईल. सरकारी बँकेत व्याज साधारण नऊ-दहा टक्के असतं. मी दहा धरलं. दोन वर्षांचा महिन्याचा हप्ता बसतो ६,२७५ च्या आसपास. आज ५,८०० भरून तू जागच्या जागी आहेस. पाचशे रुपये जास्त टाकलेस तर दोन वर्षांत मोकळी. फक्त हप्त्याने फेडायचंच कर्ज माग. वर्षाअखेरीस सगळं एकदम भरायचं कर्ज तुला झेपणार नाही, आणि तारण लिलावात जाण्याचं भय तिथे जास्त असतं.

सावकाराकडे एकटी जाऊ नकोस. पाटल्या तिथेच काट्यावर घाल, ठेवतानाच्या चिठ्ठीशी वजन ताडून बघ, पैसे मिळाल्याचं लिहून घे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी व्याजाचा दर सरकार ठरवतं. महिन्याला तीन टक्के त्यात बसत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात, तक्रार करता येते. पण पाटल्या हातात येईपर्यंत त्याच्याशी कायदा बोलू नकोस.

राहिली किल्ली. ती मागायची तर यांना सांगावंच लागेल, आणि खरं सांगू, मला त्याचं बरंच वाटलं. रविवारी मुलं खाली खेळायला गेली की कागद पुढे ठेव. त्यावर वर १,३६,०००, खाली ५,८०० आणि ६,२७५, एवढंच. ‘रागावू नका हं’ अशी सुरुवात नको, सरळ आकडा सांग. ते चिडतील. चिडू देत, दोन वर्षं लपवलंस ते त्यांना पैशांपेक्षा जास्त लागेल. तुझ्या ओठांवर येईल, ‘तुमच्याच भाचीचा आहेर होता.’ खरं आहे, पण त्या दिवशी गिळ. पुढच्या आठवड्यात बोल.

तुझं महिन्याचं गणित चोख आहे गं, घसरतं ते वर्षाचं. जूनची फी-वह्या, गौरी-गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता, लग्नसराईतले आहेर: तू लिहिलेले आकडे मी बेरजेला घेतले तर ५४,००० होतात. यातलं एकही अचानक येत नाही, तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात. यांचा २२,००० चा बोनस पूर्ण त्यात घातला (नवा टीव्ही पुढच्या दिवाळीला) तर उरतात ३२,०००, म्हणजे महिन्याला २,७०० ची आवर्ती ठेव. भिशीत तू २,००० भरतेस. चालू फेरी पूर्ण कर, मध्येच सोडलीस तर बायका बोलतील ते बोलतील. पण पुढच्या फेरीत नाव घालू नकोस, तेच पैसे ठेवीत वळव. उरलेले सातशे आणि हप्त्यातले वरचे पाचशे कुठून काढायचे ते दोघं मिळून ठरवा. आहेराला मात्र आजच आकडा लाव: जवळच्यांना इतके, लांबच्यांना इतके. नणंदेकडचं आणि माहेरचं एकाच मापाने.

कार्ड शून्यावर आलं की बंद करायचा अर्ज दे. बाकी काही नाही असं बँकेचं पत्र मिळालं की मगच कात्री घे. ते पत्र जपून ठेव, बोरमाळीच्या रिकाम्या डबीत.

— मावशी