कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन) गुणच होत नसतील तर लांब पास वाढवावेत का?

वाढवावेत, पण आधी बघा की क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या खेळाडूला) चेंडू फेकायला तीनेक सेकंद मिळतायत का. वीस यार्डांपुढे पळून पास झेलणाऱ्या रिसीव्हरला तेवढा वेळ लागतोच. त्याआधीच क्वार्टरबॅकला राखणारी पुढची लाइन कोसळत असेल तर तुम्ही पोराला आपल्या हाताने सॅकच्या (चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाण्याच्या) तोंडी देताय.

लाइन तग धरत असेल तर मात्र न झेललेला लांब पासही फुकट जात नाही. रन (चेंडू घेऊन पळणं) अडवायला पुढे सरकलेला सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू) चार पावलं मागे हटतो आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला वाट मोकळी होते. माझी आवडती वेळ म्हणजे दुसरा डाउन, दोन यार्ड बाकी (दहा यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात). चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेल्यासारखा करायचा, काढून घ्यायचा आणि लांब फेकायचा. फसलं तरी तिसऱ्या डाउनला दोनच यार्ड हवेत. तिसरा डाउन आणि बारा यार्ड बाकी असताना पासच येणार ते शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळतं!

कॉलेजच्या नियमात एक गोची आहे. पास इंटरफिअरन्सचा (पास झेलू पाहणाऱ्याला अडवण्याच्या फाउलचा) दंड जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) चेंडू थेट फाउलच्या जागी जातो. त्यामुळे इथे मागे पडलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) बिनदिक्कत जर्सी ओढतो.

आणि २०२३ चं आयोवा (विद्यापीठाचा संघ) आठवा: सामन्याला सरासरी जेमतेम १५ गुण, तरी १० विजय, बचाव आणि पंटरच्या (लाथेने चेंडू लांब धाडणाऱ्याच्या) जिवावर. तुमचा बचाव तसा असेल तर इंटरसेप्शनचा (पास प्रतिस्पर्ध्याने झेलण्याचा) धोका कशाला पत्करायचा?