सील पेनांच्या डब्यात नको

एईओ (ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर) म्हणजे सीमाशुल्क खात्याची, अर्थात कस्टमची, आयात-निर्यात करणाऱ्यांसाठीची ऐच्छिक योजना. आपला माल, कागद आणि आवार भरवशाचं आहे हे उद्योगानं दाखवून द्यायचं, बदल्यात खातं तपासणी कमी करतं. तरी महिनाभर तीच विचारणा सुरू आहे, म्हणून एकदाच लिहितो.

प्र. बेदाण्याच्या निर्यातीला एईओ सक्तीचं आहे का? (तासगाव)

नाही.

प्र. एक सल्लागार म्हणतो, सरकारी फी धरून साठ हजारांत एईओचं टी-१ मिळवून देतो. द्यावेत का? (मिरज)

सरकारी फी मुळात नाहीच. अर्ज ऑनलाइन होतो. सल्लागारानं मेहनताना जरूर घ्यावा, पण स्वतःच्या नावाच्या पावतीवर. टी-१ ही एईओची पहिली पायरी, ती कागदपत्रांवर मिळते; टी-२ ही वरची, तिच्यासाठी अधिकारी आवारात येऊन पाहतात. गेल्या आर्थिक वर्षात शिपिंग बिलं (निर्यातीचे कागद), बिल ऑफ एंट्री (आयातीचे) मिळून साधारण २५ लागतात, लघुउद्योगांना १०. जुनी कारणे दाखवा नोटीस असेल तर लपवू नका, आधी सीए आणि कस्टम ब्रोकरना दाखवा.

प्र. आमची फाउंड्री आहे. अमेरिकन ग्राहक 'सी-टीपॅट' मागतो, आणि एक कंपनी ते सर्टिफिकेट विकते. (कुपवाड)

घेऊ नका. सी-टीपॅट ही अमेरिकन कस्टमची योजना, नोव्हेंबर २००१ मध्ये सात आयातदारांना घेऊन सुरू झालेली. तिथले आयातदार, वाहतूकदार तिचे सभासद होतात. परदेशी कारखान्यांपैकी मुख्यतः मेक्सिको-कॅनडाचे. तुमचा ग्राहक सभासद असेल तर त्याला तुमची खात्री करून घ्यायची असते, म्हणून तो प्रश्नावली आणि पुरावे मागतो. खासगी ऑडिटचा अहवाल म्हणजे अमेरिकन कस्टमचा शिक्का नव्हे. नेमकं काय हवंय आणि भारतीय एईओ चालेल का, हे ग्राहकाकडून मेलवर लिहून घ्या. परस्पर मान्यतेचा भारत-अमेरिका करार २०२१ मध्ये झालेला आहे.

प्र. ड्रायव्हर दहा वर्षांच्या ओळखीचा आहे. घाईत कंटेनरच्या दाराला लावायचं सील त्याच्याच हाती दिलं तर? (विटा)

अहो, तुम्ही कारखान्याची किल्लीच देताय! सांगलीहून न्हावाशेवापर्यंत ढाबे किती, ते मोजा. माझ्यासमोरचा प्रसंग: एका कारखान्यात बोल्ट सील (दाराला लावायची, नंबर असलेली धातूची सील) टेबलावरच्या डब्यात पेनांबरोबर पडलेली. कुणी घेतलं, कधी लावलं, नोंद नाही. शेवटी शिपिंग बिलावर सीलच्या नंबरातला एक आकडा चुकला आणि कंटेनर बंदरात दोन रात्री अडकला. सील कुलपात ठेवा, एकाच माणसाच्या ताब्यात, आणि ते दिल्या-घेतल्याची वही ठेवा. बोल्ट सील आयएसओ १७७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचंच घ्या. सेल्फ सीलिंगला, म्हणजे कारखान्यात स्वतःच सील लावायला, २०१७ पासून आरएफआयडीचं (रेडिओ लहरींनी वाचता येणारं) ई-सील लागतं. पण सीलच्या आधी रिकामा कंटेनर बघा: समोरची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारं आतबाहेरून, शेवटी खालचा सांगाडा. बिजागरीच्या पिना नव्या रंगवलेल्या दिसल्या तर कंटेनर परत पाठवा. सील शाबूत ठेवून अख्खं दार उतरवता येतं, हे कुणाला खरंच वाटत नाही. मग सील लावून नंबर कागदाशी ताडा, हातानं ओढा, पिळून बघा, फोटो काढा. ओळखीच्या ड्रायव्हरलाही याचा राग येत नाही, उलट वाटेत काही झालं तर तो सुटतो. तुमच्या ब्रोकरला बोलावून एकदा सगळ्या रखवालदारांना हे दाखवायला लावा.

प्र. एईओ मिळाल्यावर कंटेनर उघडणार नाहीत ना? (सांगली)

उघडतील, कमी वेळा.

प्र. ग्राहक आठवड्यात पाहणीला येतोय. गेटचा सीसीटीव्ही चार महिने बंद आहे. त्याला सांगावं का? (पलूस)

सांगा. पण आधी दुरुस्तीवाल्याला फोन करा, मला पत्र नंतर.