बांधाची उंची वाढवण्याआधी वरच्या डोंगराचे पाहा

संगमनेरच्या पठार भागात आपली पाच एकर हलकी जमीन आहे, वरच्या अंगाला वनखात्याचा उघडा डोंगर आहे आणि जेसीबीने घातलेले बांध वळवाच्या पहिल्याच जोरदार पावसात फुटले. आता बांध आणखी उंच करावेत का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की करू नयेत. आपले बांध उंचीला कमी पडलेले नाहीत. ज्या पाण्यासाठी ते घातलेच नव्हते, ते पाणी त्यांच्यावर आले आहे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५० मिलिमीटरच्या एका सरीत हेक्टरी पाच लाख लिटर पाणी पडते आणि गवत, पाचोळा नसलेल्या उतारावरून त्यातला मोठा भाग न मुरता थेट आपल्या पहिल्या बांधावर आदळतो. पुढच्या पावसानंतर त्या डोंगरावर जाऊन खड्यांखाली जरूर पाहा. खडा जागच्या जागी असतो, त्याच्याखाली बोटभर उंचीचा मातीचा खुंट उरलेला असतो आणि भोवतालची माती गेलेली असते. तो खुंट जेवढा उंच, तेवढा थर तेथून वाहून गेला आहे. एक मिलिमीटरचा थर जाणे म्हणजे हेक्टरी सुमारे तेरा टन माती जाणे, हे लक्षात घेतले म्हणजे नुकसानीचा अंदाज येतो.

म्हणूनच पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी व माती अडवण्याचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर), त्यांच्या भरावावर गवत आणि झाडे, ओघळींत दगडांचे छोटे बांध आणि त्यानंतर शेतातील बांधबंदिस्ती, हा क्रम उलटला की खालचे काम टिकत नाही. मात्र तो डोंगर वनखात्याचा असल्याने तेथे परवानगीशिवाय खोदकाम करता येणार नाही. ग्रामसभेचा ठराव करून संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाणे हाच सरळ मार्ग आहे.

चरांपेक्षाही अवघड प्रश्न चराईचा आहे, कारण नवे गवत आणि झाडे वाढायची तर तेथे जनावरे चरणे थांबावे लागते, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपल्याच तालुक्यातील दरेवाडीत १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम उभे राहिले, तेव्हा चराईबंदीला सर्वाधिक विरोध मेंढपाळ कुटुंबांचा होता, आणि तो रास्त होता, कारण त्यांचे पोट त्याच वनजमिनीवर होते. अखेर सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याची वाट काढली गेली. गावातील मेंढरे-शेळ्यांच्या मालकांना बैठकीला न बोलावता केलेला ठराव कागदावरच राहतो. त्यांना कापून नेण्यासाठी गवत मिळेल, हे आधी ठरले पाहिजे.

आता आपल्या शेताविषयी. डोंगराच्या पायथ्याशी, शेताच्या वरच्या कडेने, किंचित ढाळ दिलेला एक चर काढून बाहेरचे पाणी नैसर्गिक ओढ्याकडे वळवावे. ते शेजाऱ्याच्या शेतात उतरणार नाही, याची खात्री आधी करावी. प्रत्येक बांधाला दगडी पिचिंग केलेला (दगड बसवून पक्का केलेला) सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट हवीच, कारण सांडवा नसला की पाणी बांधातली कच्ची जागा शोधून तेथूनच फुटते. बांधांची आखणी नजरेने करू नये, समपातळी रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषेवर करावी. दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि ओळंबा एवढ्यावर तयार होणारी ए-फ्रेम त्यासाठी पुरेशी आहे. भरावासाठी जेसीबीने शेताची वरची सुपीक माती ओरबाडली जाते, ते कटाक्षाने टाळावे आणि मुरूम वापरावा. पेरणी व कोळपणी उताराला आडवी ठेवावी.

बांधांवर पहिल्या पावसाआधी मारवेल किंवा पवना गवताचे ठोंब आणि स्टायलो या चारापिकाचे बी लावून ठेवा. नवा भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत खचतोच, तेव्हा प्रत्येक मोठ्या पावसानंतर फेरी मारून उंदराची बिळे आणि भेगा लगेच बुजवाव्यात.